पऱ्हाटीची पातेगळ : हार्मोनची बाटली उघडण्याआधी काय काय तपासायचं

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा लागला की मला येणारे फोटो सगळे एकाच जातीचे असतात. काळ्या मातीवर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत पडलेली हिरवी-पिवळी पाती (फुलाच्या कळ्या), आणि खाली ठरलेला प्रश्न : "भाऊ, पाते लय गळून राहिले, कोणतं टॉनिक मारू?" यवतमाळ-वर्धा भागातल्या कोरडवाहू आणि अर्ध्या ओलिताच्या वावरांत दर हंगामात मी हीच तक्रार निस्तरत असतो. टॉनिकचं नाव मी सहसा शेवटी सांगतो. बऱ्याचदा ते सांगायची वेळच येत नाही.

पातं गळतं ते झाड स्वतः गाळतं म्हणून. कोणतं पातं ठेवायचं आणि कोणतं सोडायचं हे झाडातली संप्रेरकं, म्हणजे आपण ज्यांना हार्मोन म्हणतो ती, ठरवतात. बाटलीतला हार्मोन त्या हिशेबातल्या एकाच बाजूला हात लावतो. दुसऱ्या बाजूला वावरात पाणी तुंबलेलं असेल, अळी लागलेली असेल किंवा शेजारच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तणनाशक उडालेलं असेल, तर बाटली रिकामी होते आणि पाती पडतच राहतात.

आधी लक्षणं नीट बघा

"पातेगळ" या एका नावाखाली निदान पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी येतात. तुमची कोणती, ते आधी ठरवा.

- बारीक पाती, भोक नाही, डाग नाही, देठाच्या सांध्यातून स्वच्छ तुटलेली.
- पात्याला धरून असलेली तीन दातेरी पानं उघडी पसरलेली, पिवळी पडलेली, आत भोक किंवा विष्ठा.
- हरभऱ्याएवढी किंवा थोडी मोठी बोंडं, टोकाला सुकलेलं गुलाबी फूल चिकटलेलं.
- झाड छातीएवढं, गर्द हिरवं, पेरं लांब लांब, आणि फळफांद्या रिकाम्या.
- शेंड्याची नवी पानं अरुंद, चिरलेली, भेंडीच्या पानासारखी, शिरा जवळजवळ समांतर.
- दोन दिवसांपूर्वी ठणठणीत असलेलं झाड अचानक मलूल, पानं लोंबलेली, मग पानांसकट पाती-बोंडांची झड.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, म्हणजे अर्धी घबराट जाईल. कपाशीला लागलेली सगळी पाती कधीच टिकत नाहीत. चांगल्या वावरातही निम्म्याहून जास्त पाती-बोंडं गळतात. झाड पोसू शकेल त्याहून कितीतरी जास्त पाती लावतं आणि मग छाटणी करतं. जमिनीवर पाती दिसली म्हणून रोग झाला असं नाही. झाडावर किती उरली, हे बघायचं असतं.

सांध्यात काय चालतं

पात्याचा देठ फांदीला जिथे जुळतो तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. पातं किंवा कोवळं बोंड जोमात असेल तर त्यातून ऑक्सिन नावाचं संप्रेरक सतत देठातून खाली वाहतं. हा प्रवाह चालू आहे तोवर तो थर गप्प राहतो. फूल फळलं की आतल्या कोवळ्या बिया ऑक्सिन तयार करू लागतात, म्हणून फळलेलं बोंड टिकतं आणि न फळलेलं गळतं. फूल उमलल्यापासून साधारण दहा-बारा दिवस बोंडाने काढले की ते सहसा गळत नाही.

प्रवाह कमी झाला की तोच थर इथिलीनला प्रतिसाद द्यायला लागतो. इथिलीन हा वायू आहे, झाडाच्याच पेशींत तयार होतो. ताण आला, जखम झाली, मुळांचा श्वास कोंडला की त्याचं प्रमाण वाढतं. मग त्या थरात पेशींना एकमेकींशी चिकटवणारा पदार्थ विरघळवणारी विकरं (एन्झाइम) तयार होतात, सांधा सैल होतो आणि पातं पडतं. तुटलेली जागा गुळगुळीत दिसते ती त्यामुळे.

यात तिसरं एक नाव येतं, ॲब्सिसिक आम्ल. त्याचा शोध कपाशीतूनच लागला. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे फ्रेडरिक ॲडिकॉट यांच्या गटाने बोंडं का गळतात हे शोधताना शेकडो किलो कोवळ्या बोंडांतून काही मिलिग्रॅम स्फटिक वेगळे केले आणि १९६३ मध्ये ते जाहीर केले. ब्रिटनमध्ये वेअरिंग यांचा गट झाडांच्या सुप्तावस्थेवर काम करताना त्याच पदार्थापर्यंत पोचला होता. पुढे दोन्ही एकच असल्याचं कळलं आणि १९६७ मध्ये एक नाव ठरलं. गंमत अशी की गळ घडवण्यात इथिलीनचा हात मोठा, आणि ॲब्सिसिक आम्लाचं मुख्य काम पाण्याचा ताण पडला की पानांची रंध्रं मिटवणं आणि बी झोपवून ठेवणं, हे नंतर स्पष्ट झालं. दुष्काळी ताणात ते वाढतं आणि गळीला हातभार लावतं, एवढं आपल्याला पुरे.

आता तपासणी. फुकटातली आधी.

१. खाली पडलेली पाती उचला आणि फोडा

वावराच्या चार-पाच ठिकाणांहून, धुऱ्याजवळची ओळ सोडून, पन्नासेक पाती गोळा करा. प्रत्येक नखाने फोडा. तीन ढीग करा : भोक किंवा अळी असलेली, काहीच नसलेली, आणि सुकलेलं फूल चिकटलेली लहान बोंडं.

पहिला ढीग मोठा निघाला तर हार्मोनचा विषय तिथेच संपला. अळीने आतलं कोवळं खाल्लं की पात्यातून ऑक्सिन येणं थांबतं, झाड ते टाकून देतं. ते झाडाचं योग्यच आहे. एनएए, म्हणजे बाटलीत मिळणारं ऑक्सिन, मारून पोखरलेलं पातं फांदीवर टिकवलं तरी त्यातून काय निघणार? झाडावरची उमललेली फुलंही बघा. पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या दिसल्या तर ती डोमकळी, म्हणजे आत गुलाबी बोंडअळी. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) एकरी दोन लावा. एका सापळ्यात रोज आठच्या आसपास पतंग सलग तीन रात्री आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा.

तिसरा ढीग मोठा असेल तर पंचांग नाही, पावसाची आठवण काढा. कपाशीचं फूल सकाळी पांढरट-पिवळसर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. परागीभवनाला एकच सकाळ मिळते. त्या सकाळी पाऊस पडला तर परागकण पाणी पिऊन फुटतात, फूल फळत नाही, आणि काही दिवसांनी ते बारकं बोंड खाली येतं. ज्या आठवड्यात सकाळचा पाऊस लागला त्याच्या पुढच्या आठवड्यात अशी गळ दिसणारच. यावर औषध नाही. पाऊस उघडला की ही गळ आपोआप थांबते. मधल्या काळात कुणी काही फवारलं तर श्रेय त्या बाटलीला जातं, ही वेगळी गोष्ट.

काहीच नसलेला ढीग मोठा? मग पुढे चला.

२. वरच्या पांढऱ्या फुलापासून शेंड्यापर्यंत पेरं मोजा

ही तपासणी आपल्याकडे फारसं कोणी करत नाही, आणि मला ती सगळ्यात आवडते. मुख्य खोडाला लागून असलेल्या पहिल्या जागेवर उमललेलं सगळ्यात वरचं पांढरं फूल शोधा. त्याच्या वर शेंड्यापर्यंत किती पेरं आहेत ते मोजा. दहा-वीस झाडांची सरासरी काढा.

फुलोरा सुरू होताना ही संख्या आठ-दहा असते. ती पाचावर किंवा त्याखाली आली तर झाडाची ताकद खालच्या बोंडांत गुंतली आहे आणि नवी वाढ जवळपास थांबली आहे. अशा वेळी वरची पाती गळणारच, कारण त्यांना साखर पुरत नाही. झाडावर भरपूर हिरवी बोंडं असतील तर ही गळ म्हणजे पीक चांगलं लागल्याची खूण समजा आणि घरी जा. बोंडं थोडीच असून संख्या पाचाखाली आली असेल तर मात्र झाड भुकेलं किंवा तहानलेलं आहे. मुद्दा ५ आणि ६ बघा.

उलट ऐन फुलोऱ्यात संख्या दहाच्या वर जात असेल, झाड नुसतं चढत असेल, तर ते माजलंय. त्यासाठी मुद्दा ४.

३. शेंड्याची नवी पानं : टू-फोर-डीचा मार बसला का?

इथे जरा थांबून लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुकीचे उपचार इथेच होतात.

टू-फोर-डी हे तणनाशक म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं ऑक्सिनच. झाडाचं स्वतःचं ऑक्सिन कामापुरतं राहतं आणि मोडतं. टू-फोर-डी रुंद पानाच्या झाडाला लवकर मोडता येत नाही. त्याच्या अतिरेकाने इथिलीन वाढतं, वाढ वेडीवाकडी होते, पाती झडतात. ज्वारी, मका, ऊस, गहू ही पिकं ते सहन करतात, म्हणून तिथे ते वापरतात. कपाशी या बाबतीत अतिशय नाजूक. नेहमीच्या मात्रेच्या हजाराव्या भागानेही तिच्या पानांचा आकार बदलतो.

ओळख सोपी आहे. जुनी पानं ठीक, नवी पानंच बिघडलेली. पानाचा फाळ आक्रसलेला, शिरा जवळ जवळ, टोकं लांब. देठ पिळवटलेला. तुडतुड्यांनी पान खाली वळतं आणि कडा पिवळ्या-लाल होतात, मावा असेल तर पान चिकट लागतं, फुलकिडे असतील तर पानामागे चंदेरी चट्टे दिसतात. यातलं काही नसेल आणि पान नुसतं भेंडीसारखं झालं असेल तर शंका टू-फोर-डीवर घ्या.

मग ते आलं कुठून, याचा माग काढा. वावराच्या एकाच बाजूला जास्त आणि आत कमी होत गेलं असेल तर शेजारच्या धुऱ्यावरून किंवा उसातून वाऱ्याने आलं. ओळी-ओळीने, जिथे तुमचा पंप फिरला तिथेच असेल तर पंपातून आलं. वरूड-मोर्शीकडच्या संत्रेवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं : संत्र्याची फळगळ थांबवायला अत्यल्प मात्रेत टू-फोर-डी वापरायची शिफारस आहे, आणि तोच पंप दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीत जातो. एका पिकाची गळ थांबवणारी मात्रा शेजारच्या पिकाची गळ सुरू करते.

आता महत्त्वाचं. अशा वावरात एनएए मारू नका. एनएए हेही ऑक्सिनच आहे. ऑक्सिनच्या अतिरेकाने आजारी पडलेल्या झाडाला आणखी ऑक्सिन पाजण्यात काय अर्थ? दुकानात "पाते गळतात" एवढंच सांगितलं की समोरून हीच बाटली येते, म्हणून दुकानात जाताना शेंड्याचं पान तोडून सोबत न्या.

सौम्य मार असेल तर बिघडलेले शेंडे खुडा, हलकं पाणी द्या, एक-दोन टक्के युरियाची फवारणी करा, आणि वाट बघा. काही आठवड्यांनी येणारी पानं सरळ यायला लागतात. खालची बोंडं बहुतेक वाचतात. पंप साध्या पाण्याने धुऊन भागत नाही : धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवा, नळी आणि नोझलमधूनही ते फिरवा, मग दोन-तीनदा स्वच्छ पाणी. खरं तर तणनाशकाचा पंप वेगळाच असावा, त्यावर रंगाने मोठी खूण करावी.

४. झाड माजलं असेल तर

युरिया जास्त, पाऊस बरा, लागवड दाट. पऱ्हाटी डोक्याएवढी होते, ओळीत शिरता येत नाही आणि खाली ऊन पोचत नाही. प्रत्येक पात्याला मुख्य पोषण त्याच्या शेजारच्या पानाकडून मिळतं. ते पान सावलीत गेलं की साखर कमी, ऑक्सिन कमी, आणि खालची पाती गळतात. ढगाळ हवेचे आठ-दहा दिवस लागले की हेच सगळ्या वावरात होतं.

शेंडा आपल्या ऑक्सिनने खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो आणि अन्न वर ओढतो. शेंडा खुडला की ते अन्न बोंडांकडे वळतं. झाड साडेतीन-चार फुटांवर आलं की वरचं इंच-दोन इंच टोक खुडायचं, तेही फळफांद्या पुरेशा लागल्यावर, खूप लवकर नाही. त्याआधी, पीक दीड महिन्याचं होता होता, बुडाच्या गळफांद्या काढता आल्या तर आणखी चांगलं. परभणीकडून आलेल्या दादा लाड तंत्रात या दोन्ही गोष्टी आहेत. गळफांदी सरळ वर जाते आणि तिला थेट पातं लागत नाही. फळफांदी आडवी, नागमोडी जाते. एवढा फरक मजुरांना एका झाडावर दाखवून द्या, नाहीतर फळफांद्याच तोडून येतील. खर्च मजुरीचा, पण औषधाहून खात्रीचा.

वावर मोठं असेल आणि मजूर मिळत नसतील तर मेपिक्वाट क्लोराइड किंवा क्लोरमेक्वाट क्लोराइड. ही दोन्ही झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाहीत. जिबरेलिन पेरं लांबवतं, ते कमी झालं की पेरं आखूड राहतात. मात्रा लेबलवर असेल तीच, थेंबभर जास्त नाही. आणि एक अट : झाड पाण्याच्या ताणात असताना हे मारायचं नाही. आधीच थांबलेल्या झाडाला आणखी थांबवलं तर ते उरलेल्या हंगामात उठत नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत तर मी हे सुचवतच नाही. तिथे माज कुठून येणार!

युरियाही आवरा. पीक दोन महिन्यांचं झाल्यावर मूठ-मूठ युरिया टाकत राहणं म्हणजे शेंड्याला खुराक.

५. मुळांना श्वास आहे का?

कुदळ घ्या, झाडापासून वीतभर अंतरावर फूटभर खणा. माती हातात चिखलासारखी चिकटते, वास कुजकट येतो, पांढरी मुळं तपकिरी झालीत? मग गळीचं कारण वर नाही, खाली आहे.

भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की मुळांना प्राणवायू मिळत नाही. इथिलीन ज्या पदार्थापासून बनतं तो मुळांत साठतो, कारण त्याचं शेवटचं रूपांतर व्हायलाही प्राणवायूच लागतो. तो पदार्थ रसातून वर चढतो, पानांत हवा मिळते आणि तिथे इथिलीन तयार होतं. पाय पाण्यात आणि झड शेंड्याला, असं का होतं त्याचं उत्तर हे.

उपाय फावड्याचा. उताराच्या बाजूने चर काढा, साचलेलं पाणी आजच्या आज बाहेर घाला. वाफसा आला की डवरणी करा, म्हणजे वरचा थर मोकळा होऊन हवा खेळेल. पाणी वावरात असताना वरून काहीही फवारू नका, पैसे वाहून जातात.

याचंच उग्र रूप म्हणजे आकस्मिक मर. मोठी उघडीप, जमीन भेगाळलेली, आणि मग एकदम जोरदार पाऊस किंवा पाटाने भरपूर पाणी. बोंडांनी लगडलेली, जोमदार झाडंच आधी मान टाकतात. इथे तासांचा हिशेब असतो. लक्षण दिसल्याबरोबर कोबाल्ट क्लोराइडची १० पीपीएमची (दहा लाख भागांत दहा भाग) फवारणी करायची. हे रसायन इथिलीन तयार करणाऱ्या विकराला अडवतं. मोजायला सोपं करून सांगतो : १ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १५० मिली द्रावण १५ लिटरच्या पंपाला. हातमोजे घालूनच, हे विषारी आहे. ते जवळ नसेल तर २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश (००:००:५०) आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात कालवून झाडाच्या बुडाशी १०० मिली आळवणी, मग बूड पायाने दाबून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धावाधाव करून यातलं काही उपयोगी पडत नाही. पानं कुरकुरीत वाळली की ते झाड सोडून द्या.

ओलिताचं वावर असेल तर यावर प्रतिबंधच बरा. जमीन भेगाळेपर्यंत थांबू नका. पाणी हलकं आणि एक आड एक सरीने द्या.

६. भूक

इथे थोडक्यात. पाती लागताना दोन टक्के युरिया, बोंडं भरताना दोन टक्के डीएपी, ही नेहमीची फवारणी ज्यांनी केलीच नाही त्यांनी हार्मोनआधी ती करावी. डीएपी रात्री भिजत घाला आणि सकाळी वरचं निवळ गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबेल. माती परीक्षणात बोरॉन कमी निघालं असेल तर त्याचा परिणाम फूल फळण्यावर होतो, तेव्हा शिफारशीप्रमाणे बोरॉन. परीक्षण नसताना अंदाजाने बोरॉन टाकू नका, कमी आणि जास्त यांच्यात अंतर फार थोडं असतं.

७. आता बाटली

अळी नाही, पाणी तुंबलेलं नाही, शेंडा सरळ आहे, झाड उपाशी नाही, वरची पेरं सहा-आठ आहेत, आणि तरी भोक नसलेली पाती गळताहेत. बहुतेक वेळा मागे ढगाळ हवा किंवा थोड्या दिवसांचा ताण असतो. हे एनएएचं खरं काम. बाहेरून थोडं ऑक्सिन मिळालं की तो सांध्यातला थर आणखी काही दिवस गप्प राहतो आणि पात्याला सावरायला वेळ मिळतो. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

बाजारात मिळणारं द्रावण ४.५ टक्क्यांचं असतं, म्हणजे १ मिलीत ४५ मिलिग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला ३.३ मिली टाकलं की १० पीपीएम होतं, ६.७ मिली टाकलं की २०. या दोहोंच्या मध्ये, लेबलवर लिहिल्याप्रमाणे राहा. टोपणाने मोजू नका. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली सिरिंज आणा आणि तिच्यावर खूण करून फवारणीच्या पेटीतच ठेवा.

"जरा जास्त टाकलं तर जास्त टिकेल" हे इथे चालत नाही. ऑक्सिनची मात्रा वाढली की झाड उलट इथिलीन जास्त तयार करतं आणि गळ वाढते. सफरचंदाचे बागायतदार कोवळी फळं विरळ करायला, म्हणजे मुद्दाम गाळायला, एनएए वापरतात, आणि काढणीच्या आधी पिकलेली फळं पडू नयेत म्हणूनही तेच वापरतात. औषध एक, अवस्था आणि मात्रा वेगळी, परिणाम उलटा. कपाशीत दुसरी फवारणी करायचीच झाली तर पंधरा-वीस दिवसांनी.

सकाळी ऊन चढायच्या आधी किंवा संध्याकाळी मारा. झाड मलूल असेल तर मारू नका. बुरशीनाशक, कीटकनाशक, विद्राव्य खत आणि हार्मोन असं पाच जणांचं कडबोळं एका पंपात करू नका. पानं भाजली की दोष कोणाचा ते कळत नाही.

आणि चार ओळी न फवारता सोडा. फवारलेल्या आणि सोडलेल्या भागात दहा-दहा झाडांना चिंधी बांधा, पाती-बोंडं मोजून लिहून ठेवा, दहा दिवसांनी पुन्हा मोजा. फरक दिसला नाही तर पुढच्या फवारणीचे पैसे वाचले. माझ्या पाहण्यात फरक दिसतो तो ढगाळ हवेनंतर केलेल्या फवारणीत. बाकी ठिकाणी बऱ्याचदा हवामान उघडल्याने गळ दोन्हीकडे सारखीच थांबलेली असते.

बाटली घेताना नोंदणी क्रमांक बघा. एनएए, जिबरेलिक आम्ल, मेपिक्वाट ही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. समुद्री शेवाळ, ह्युमिक, अमिनो असली जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. "फुलधारणा स्पेशल" असं चकचकीत नाव आहे, पण आत काय, किती टक्के, नोंदणी कोणती, हे काहीच लिहिलेलं नाही, ती बाटली परत ठेवा. घेतलेल्या प्रत्येक बाटलीची पक्की पावती घ्या आणि रिकामी बाटली हंगाम संपेपर्यंत कुलपात ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पुढच्या परिस्थितींत घरचे प्रयोग बंद करा.

वावरात जागोजागी झाडं मान टाकताहेत, पाणी काढूनही थांबत नाहीत, आणि खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेषा दिसतात. ही आकस्मिक मर नाही, बुरशीची मर किंवा मूळकूज असू शकते. अख्खं झाड मुळं-मातीसकट उपटून, ओल्या पोत्यात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात न्या. फोटोवरून हे ठरत नाही.

हिरव्या बोंडांत गुलाबी अळी दहापैकी एकाहून जास्त बोंडांत सापडते. मग कोणतं औषध, कोणत्या क्रमाने, हे तालुका कृषी अधिकाऱ्याच्या किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याशिवाय ठरवू नका. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही हंगामात सल्ले काढते. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलतात.

टू-फोर-डीने निम्म्याहून जास्त वावर बिघडलं आहे, किंवा एखाद्या बाटलीनंतर सगळीच झड सुरू झाली. काहीही खुडण्याआधी, काहीही फवारण्याआधी तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पंचनामा मागा. तालुक्याला तक्रार निवारण समिती असते. पावती, बाटली, न फवारलेल्या ओळी आणि तारखेचे फोटो असतील तर तुमचं म्हणणं उभं राहतं. शेंडे खुडून टाकल्यावर पाहणीला आलेल्यांना दाखवणार काय?

आणि फवारणाऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, घाम, छातीत दाटल्यासारखं, बाहुल्या बारीक झालेल्या, यातलं काहीही दिसलं तर पंप तिथेच टाका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हाही पऱ्हाटी अशीच डोक्याएवढी वाढलेली होती आणि फवारा तोंडावर येत होता. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या, आणि ज्या ज्या बाटल्या पंपात गेल्या त्या सगळ्या सोबत घ्या, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.